चौदाव्या लुईचं 1685 चं पदक: किती जुनं, आणि मजकूर किती खरा?

प्रश्न
फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं ब्राँझ पदक आहे, व्यास 41 मिमी. मागच्या बाजूला राजाशेजारी क्रॉस धरलेली स्त्री. भोवती 'ओब विकिएस सेंतेना मिलिआ काल्विनिआनोरुम आद एक्लेसिआम रेवोकाता', खाली रोमन आकड्यांत 1685. पदक त्याच वर्षीचं धरायचं का? लेखाचा अर्थ काय?

ठसेवाला
ते साल घटनेचं आहे, पदक पाडल्याचं नाही. 1663 मध्ये राजाचा मंत्री कोल्बेरनं पॅरिसमध्ये विद्वानांची छोटी अकादमी नेमली. पदकावर कोणतं चित्र, कोणते लॅटिन शब्द, हे ती ठरवी. जुन्या घटनांचीही पदकं एकाच मापात नव्यानं कोरली गेली आणि 1702 मध्ये 286 पदकांचा ग्रंथ निघाला. 41 मिमी हे त्याच मालिकेचं माप. पुढेही पॅरिसच्या टांकसाळीत ती पदकं पाडली जात राहिली, म्हणून आधी कड तपासा. 1832 पासून तिथं धातूचं नाव आणि चिन्ह असतं: दिवा 1841 पर्यंत, मग थोडा काळ नांगर, 1842–45 जहाजाची नाळ, 1845–60 बोट दाखवणारा हात, नंतर मधमाशी, 1880 पासून फळाफुलांनी भरलेलं शिंग. कड कोरी असली तरी लगेच हुरळू नका, 1832 च्या आधीही पुन्हा पाडलेली असतात. व्यास अर्धा-पाऊण मिमी कमी, अक्षरांच्या कडा बोथट आणि पृष्ठावर बारीक छिद्रं असतील तर ती ओतीव नक्कल. धातू थंड होताना आकसतो.

लेखवाचक
'विकिएस सेंतेना मिलिआ' म्हणजे वीस वेळा शंभर हजार, आपले थेट वीस लाख! 'वीस लाख काल्व्हिनपंथी चर्चकडे परत आणल्याबद्दल.' काल्व्हिनपंथी म्हणजे तिथले प्रोटेस्टंट, चर्च म्हणजे कॅथलिक. ऑक्टोबर 1685 मध्ये प्रोटेस्टंटांना धर्म पाळायची मुभा देणारा नांतचा फतवा रद्द झाला, त्याचा हा जयघोष. फ्रान्समध्ये तेव्हा प्रोटेस्टंट होते जेमतेम आठ-नऊ लाख. सगळा समाज मोजला तरी आकडा दुपटीहून मोठा. आकड्यापेक्षा वाईट शब्द 'रेवोकाता', म्हणजे परत बोलावलेले. घराघरांत शिपाई उतरवून, खायला-प्यायला घालायला लावून करवलेली धर्मांतरं त्या एका शब्दाखाली गाडली आहेत. दीड-दोन लाख माणसं हॉलंड, इंग्लंड आणि ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याकडे निघून गेली. त्यांचा पदकावर मागमूसही नाही.

प्रश्नकर्ता
कडेवर 'क्युइव्र' आणि बोट दाखवणारा हात आहे.

ठसेवाला
मग 1845–60 मधलं, आणि ब्राँझ नाही, तांबं. चिंच-लिंबानं घासू नका. तपकिरी थर गेला की परत येत नाही. कडेला धरूनच हाताळा, बोटांचे ठसे तांब्यावर कायमचे बसतात.