मदत हवी आहे: १९७१ च्या लढाईचं 'पूर्वी स्टार' पदक डिस्चार्ज बुकात (निवृत्तीवेळी जवानाला मिळणारं सेवेचं पुस्तक) चढलंच नाही, आता नोंद कशी दुरुस्त करून घ्यायची?

नमस्कार मंडळी,

धागा लांबणार आहे, आधीच सांगते. लष्करात रेकॉर्डचं काम केलेलं कुणी इथे असेल, किंवा आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलचा (फौजींच्या तक्रारींचं न्यायाधिकरण) अनुभव असेल, तर कृपया शेवटपर्यंत वाचा.

माझे सासरे (आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो) १९६६ साली भरती झाले. गाव सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे कुणी भरती झालं ही आमच्याकडे बातमी होत नाही. ट्रेड ड्रायव्हर. १७ वर्षं नोकरी करून १९८३ ला नाईक म्हणून पेन्शनीत आले. आता वय ७७. डिस्चार्ज बुकात पदकांच्या चार नोंदी आहेत: सैन्य सेवा, संग्राम, २५ वा स्वातंत्र्य वर्धापन आणि नऊ वर्षे दीर्घ सेवा. पूर्वी स्टार नाही.

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ७१ च्या लढाईत पूर्वेकडे प्रत्यक्ष युद्धक्षेत्रात होते त्यांना पूर्वी स्टार, पश्चिमेकडे होते त्यांना पश्चिमी स्टार. संग्राम मेडल त्या मानाने सरसकट, सीमेलगतच्या राज्यांत त्या काळात ड्यूटी केलेल्यांना. आणि २५ वं स्वातंत्र्य मेडल १५ ऑगस्ट १९७२ ला जो जो सेवेत होता त्या प्रत्येकाला. म्हणजे तात्यांचं बुक वाचून कुणीही जाणकार हेच म्हणणार की गडी युद्धाच्या वेळी नोकरीत होता, पण सीमेच्या अलीकडे.

प्रत्यक्षात तात्या शक्तिमान ट्रक घेऊन तुऱ्याहून खाली उतरले होते. गारो टेकड्यांमधलं तुरा, आता मेघालयात आहे, तेव्हा मेघालय पूर्ण राज्यही झालं नव्हतं. सीमेपलीकडचं कमालपूर ४ डिसेंबरला पडलं, मग बक्षीगंज, मग जमालपूर. बक्षीगंजच्या वाटेवर त्या आघाडीचे प्रमुख जनरल गिल यांची जीप सुरुंगावर गेली. त्यानंतर तो रस्ता तात्यांनी पुढच्या गाडीच्या चाकोरीत चाक ठेवून काढला. "टायर इंचभर भाईर गेला तर आपन न्हाई," हे वाक्य आमच्या घरात रस्त्यावरचा खड्डा चुकवतानाही म्हटलं जातं. ब्रह्मपुत्रेला गाडी अलीकडे ठेवून दारूगोळ्याच्या पेट्या नावेत चढवल्या. ११ तारखेला जमालपूर पडलं. तिथे पहिली मराठा होती, आणि त्याच दिवशी टांगाईलला छत्रीने उतरलेली २ पॅरा ही पलटणसुद्धा मुळातली मराठाच. तात्या त्या दोन्हींतले नव्हेत, पण लंगरात मराठी ऐकू आलं की भाकरी जास्त जायची म्हणतात.

घोळ कुठे झाला ते मला इतक्या वर्षांत थोडंफार कळलंय. तात्यांची मूळ युनिट आसामातच राहिली. नोव्हेंबरात त्यांना आणि आणखी काही ड्रायव्हरांना गाड्यांसकट दुसऱ्या युनिटला अटॅच केलं. रेशन तिकडे, पगार इकडे. लढाईनंतर स्टारसाठी नावं मागवली तेव्हा ज्यांच्याकडे अटॅच होते त्यांनी धरलं की मूळ युनिट पाठवेल, आणि मूळ युनिटने धरलं की हे पोर इथे नव्हतंच. ७२ च्या सुरुवातीला बदली झाली आणि विषय मिटला. निदान कागदावर तरी.

तात्यांनी १९८५ ला पहिलं पत्र टाकलं. उत्तर नाही. २००९ ला दुसरं, त्याला दोन ओळींचं उत्तर: नोंद आढळत नाही. २०२३ ला मी स्वतः लिहिलं, तर कळवलं की डिस्चार्ज बुकात स्टारची नोंद नसल्यामुळे स्टार देता येत नाही. अहो, बुकात नोंद नाही हीच तर तक्रार आहे! (कुठलं ऑफिस, कुठली कोअर ते मुद्दाम लिहीत नाही. उत्तर देणाऱ्या क्लार्कचा तेव्हा जन्मही झाला नसेल.)

यात पैसा नाही, हे आधीच स्पष्ट करते, कारण नातेवाइकांतले अर्धे लोक "भत्ता किती मिळतो" विचारतात. शौर्यपदकाला भत्ता असतो, या स्टारला दमडी नाही. आणि स्टार विकतही मिळतो. छावणीजवळच्या दुकानांत फीत, पट्टी, पदक सगळं तयार. माझे दीर एकदा घेऊनही आले. तात्यांनी हात लावला नाही. "ह्यो दुकानाचा हाय. माझा बुकात चढंल तवाच आना." २०२१ ला पन्नास वर्षं झाली तेव्हा तालुक्याला सत्कार होता. यादी पदकांवरून केलेली. तात्यांना दुसऱ्या रांगेत बसवलं. ते काही बोलले नाहीत, परत येताना एसटीत फक्त म्हणाले, "बराबरच हाय त्यांचं. बुकात न्हाई."

आमच्याकडे आहे ते असं: जानेवारी ७२ चं सासूबाईंना आलेलं अंतर्देशीय, त्यावर '९९ एपीओ' (लष्करी टपालाचा क्रमांक). चार ड्रायव्हरांचा एक काळापांढरा फोटो, मागे ढाक्याच्या स्टुडिओचा बांगला अक्षरांतला शिक्का. आणि त्या चौघांपैकी कोल्हापूरकडचे एक काका हयात आहेत, त्यांच्या बुकात मात्र पूर्वी स्टार आहे. त्यांची अटॅचमेंट कुणीतरी नीट चढवली असणार.

मला विचारायचंय ते हे: पुन्हा तेच पत्र पाठवण्यात अर्थ आहे का? काकांचं प्रतिज्ञापत्र चालेल का? की थेट ट्रायब्युनलला जायचं? तात्यांचं वय बघता मला चुकीच्या दारात दोन वर्षं घालवायची नाहीत.

—

जुना क्लार्क:

ताई, मी २४ वर्षं हेच केलं, त्यामुळे सरळ बोलतो. तुम्ही तिन्ही वेळा पदक मागितलंत. पदक मागू नका, नोंद मागा.

डिस्चार्ज बुक हा मूळ कागद नाही, ती जवानाच्या हातात दिलेली नक्कल. मूळ म्हणजे शीट रोल, आणि शीट रोलवर जे चढतं ते पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे युनिट जवानाबद्दल लेखी कळवतं त्यावरून. युनिटने पार्ट टू ऑर्डर काढली नाही तर रेकॉर्डच्या लेखी ती गोष्ट घडलेलीच नसते, मग लग्न असो, मूल असो की लढाई. (माझ्या एका सुभेदारसाहेबांना तीन मुलं, कागदावर दोन. तिसऱ्याच्या शाळेच्या सवलतीपर्यंत कुणाला कळलं नाही.) तेव्हा आधी शोधायची ती स्टारची नोंद नव्हे, अटॅचमेंटची. ती सापडली की स्टार मागोमाग येतो.

माहितीच्या अधिकारात अर्ज करा. बीएसएफ, आसाम रायफल्स यांना त्या कायद्यात सूट आहे, आर्मीला नाही. अर्ज तात्यांच्याच नावाने आणि सहीने जाऊ दे. तुमच्या नावाने गेला तर 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येईल. फी १० रुपये, मजकूर ५०० शब्दांच्या आत. आणि 'स्टार का दिला नाही' असं विचारू नका. 'का'चं उत्तर द्यायला ते बांधील नाहीत, कागद द्यायला आहेत. शीट रोलची साक्षांकित प्रत, लाँग रोलमधला (भरती झालेल्यांची कायमची नोंदवही) उतारा, आणि ऑक्टोबर ७१ ते मार्च ७२ मधल्या त्यांच्या नावच्या सगळ्या पार्ट टू ऑर्डर, एवढंच मागा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

आणि काकांच्या बुकातल्या स्टारच्या नोंदीपुढे ऑर्डर नंबर असेल तर तो बघा. त्याच ऑर्डरीत अटॅच केलेल्या ड्रायव्हरांची यादी असू शकते. हा धागा सोन्याचा आहे, तुम्ही शेवटी एका वाक्यात उरकलात.

—

रानवाटा:

अंतर्देशीयाबद्दल एक सांगतो. ९९ एपीओ म्हणजे पूर्वेकडची फौज इतकंच सिद्ध होतं, ५६ असता तर पश्चिम. आसामात बसलेल्या माणसाचं पत्रही ९९ वरूनच यायचं. त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नका, फोटोचा शिक्का जास्त मोलाचा. त्या भागातल्या युनिटांच्या वॉर डायऱ्या (लढाईतल्या रोजच्या नोंदी) संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागाकडे जातात. २०२१ च्या धोरणानुसार साधारण २५ वर्षांनी त्या खुल्या व्हायला हव्यात. ७१ ला तर केव्हाच होऊन गेली. ज्या युनिटला अटॅच होते तिचं नाव आणि तारखा देऊन मागून बघा.

—

कोर्टाची पायरी:

वकिली करते, पण हा सल्ला नव्हे, गप्पा समजा. ट्रायब्युनलचं मुंबईत खंडपीठ आहे, दिल्लीला जावं लागणार नाही. पण थेट जाऊ नका. आधी रीतसर अर्ज करून निर्णय मागायचा. सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर ठरलेल्या मुदतीत तिकडे जाता येतं.

खरी अडचण उशिराची. पेन्शन चुकली तर ती दर महिन्याला नव्याने चुकते असं धरतात, तरसेम सिंग प्रकरणात २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलंय. स्टार एकदाच नाकारला जातो, त्यामुळे तो आधार इथे तसाच्या तसा लागत नाही. आणि जुन्याच मागणीचं नवं पत्र टाकल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही. म्हणून क्लार्कसाहेब म्हणतात तसा नवा कागद हाती येणं महत्त्वाचं. विलंब माफीच्या अर्जात १९८५ चं पत्र जरूर लावा, माणूस झोपला नव्हता हे त्यातून दिसतं. पोचपावती आहे ना?

काकांचं प्रतिज्ञापत्र मात्र आजच करून घ्या. नोटरीपुढे, त्यांना समजेल त्या भाषेत, आणि फक्त त्यांनी स्वतः पाहिलेलं. बाकीचे कागद वर्षभर थांबतील, ते काका थांबतील असं नाही.

—

जुना क्लार्क:

एक राहिलं. गाडीचा बीए नंबर (फौजी गाडीचा क्रमांक) आठवतोय का त्यांना? गाडी कुणाच्या चार्जवर होती हे निघालं तर माणूस कुठे होता तेही निघू शकतं. गाड्यांचा हिशोब फौज माणसांपेक्षा नीट ठेवते.

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप आभार. ८५ ची पोचपावती सासूबाईंच्या देव्हाऱ्याखालच्या ट्रंकेत सापडली, हळदीकुंकवाच्या डागांसकट.

काल कोल्हापूरला जाऊन आलो. काकांच्या बुकात स्टारपुढे ऑर्डरचा नंबर आणि ७३ ची तारीख आहे, शाई फिकी पण वाचता येते. प्रतिज्ञापत्रही झालं. नोटरीपुढे काका फोटोतल्या चौघांची नावं सांगताना एकावर अडले. तात्यांनी ते नाव सांगितलं आणि मग दोघंही बराच वेळ गप्प होते. नोटरीने घड्याळ बघितलं नाही याबद्दल त्यांचे आभार.

बीए नंबर मी गाडीत विचारला. प्रश्न पुरा व्हायच्या आत तात्यांनी सांगितला, वर दुसरा गिअर अडकायचा हेही. तो अर्जात घातलाय. गिअरचं नाही घातलं.

अर्ज आज लिहून झाला, ४१० शब्द. तात्यांनी आधी नंबर, मग रँक, मग नाव अशी सही केली. सोमवारी स्पीड पोस्टाने जाईल. एकच शंका राहिली: फोटोची दोन्ही बाजूंची साक्षांकित झेरॉक्स पुरेल ना? मूळ फोटो द्यायला तात्या तयार नाहीत.