गाडीत लायसन्सची बंदूक आणि नाक्यावर पोलिसांनी हात दाखवला: गप्प बसायचं की सांगायचं?

खांडेपारकर

दोन दिवस एक सल्ला आमच्या गटांमधून फिरतोय आणि लोक त्याला टाळ्या वाजवतायत. सल्ला असा: "लायसन्स असेल तर पिस्तूल डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. पोलिसांनी थांबवलं तर आपणहून तोंड उघडू नका. विचारल्याशिवाय सांगायची सक्ती कायद्यात नाही. सांगितलंत की दिवस फुकट गेला."

यातलं अर्धं खरं आहे, म्हणून तर मला याची जास्त भीती वाटते. शस्त्र कायदा १९५९, कलम १९. पोलीस अधिकाऱ्याने मागितलं की लायसन्स दाखवायचं. मागण्याआधी सांगा असं तिथे नाही, मान्य. आता गोव्याच्या हद्दीवरचा पत्रादेवीचा नाका रात्री डोळ्यांसमोर आणा. शिपाई गाडीची कागदपत्रं मागतो. तुमची आरसी त्याच कप्प्यात. तुम्ही वाकून कप्पा उघडता आणि बॅटरीच्या उजेडात त्याला पहिल्यांदा दिसते ती पिस्तुलाची मूठ. त्या क्षणी तो कलम १९ आठवणार आहे की मागे सरून ओरडणार आहे? त्याच्या जागी मी असतो तर ओरडलोच असतो.

दुसरं, तो कप्पाच मुळात चुकीचा. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये किंवा तसल्या पिशवीत, पूर्ण झाकलेलं हवं आणि नेणाऱ्याच्या ताब्यात हवं. म्हापशाच्या बाजाराबाहेर गाडी लावून तुम्ही मासळी बघायला गेलात तर ताबा कोणाचा? काच फोडणाऱ्याचा. असले सल्ले देणाऱ्यांनी स्वतः एकदा तरी लायसन्सच्या अटी वाचाव्यात.

बारा_बोअर

तुम्ही शिपायाच्या जागी उभे राहून विचार करताय. मी गाडीत बसलेल्या माणसाचं सांगतो.

मी सांगितलं होतं. अगदी तुम्ही म्हणता तसं, नम्रपणे. बेळगावला मेव्हण्याच्या मुलीचं लग्न, गाडीत बायको, आई, दोन मुलं. बंदूक बेळगावच्या कारागिराकडे दाखवायची होती, लायसन्स अखिल भारतीय वैधतेचं. नाक्यावर म्हटलं, "साहेब, मागे लायसन्सची बंदूक आहे." झालं. सगळे खाली उतरा. त्या शिपायाने लायसन्सवरचा यूआयएन, म्हणजे लायसन्सधारकाचा ओळख क्रमांक, कधी बघितलाच नव्हता. मला विचारतो, हा कसला नंबर? वरिष्ठांना फोन, वरिष्ठ जेवायला गेलेले. आई उन्हात उभी. लग्न लागून गेलं तेव्हा आम्ही घाटातच होतो. शेवटी "जा" म्हणाले, एका शब्दाने माफी नाही.

त्यानंतर मी आपणहून सांगत नाही आणि सांगणारही नाही. तालांव (दंडाची पावती) द्यायचा तर द्या, हेल्मेट असो की सीटबेल्ट, पण माझ्या लायसन्सच्या वस्तूबद्दल मी गुन्हेगारासारखा कबुलीजबाब का द्यायचा?

निवृत्त_फौजदार

बारा बोअर, तुमच्या आईला उन्हात उभं केलं ते चूकच झालं. पण त्यावरून जो निष्कर्ष काढलात तो तुम्हालाच एक दिवस महागात पडेल.

मी नाक्यांवर नोकरी केलीय. पोलिसाला बंदुकीची भीती नसते, अचानक दिसलेल्या बंदुकीची असते. गाडी थांबली की आतला दिवा लावा. दोन्ही हात स्टेअरिंगवर. शिपाई खिडकीशी आला की कागदपत्रांना हात घालायच्या आधी एक वाक्य: "लायसन्सची बंदूक डिकीत आहे, रिकामी आहे, लायसन्स माझ्या पाकिटात आहे, काढू का?" बंदूक कुठे आणि लायसन्स कुठे, दोन्ही सांगायचं. आणि तो "काढा" म्हणेपर्यंत हलायचं नाही. बंदूक नळी मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, खोळीत. काडतुसं वेगळ्या डब्यात. स्वतः बंदूक काढून दाखवायला जाऊ नका. हे शहाणे लोक नेहमी करतात, "बघा ना साहेब" म्हणत नळी आमच्याकडे!

आणखी एक. कलम २० वाचा. लायसन्स असलं तरी ज्या रीतीने शस्त्र नेताय त्यावरून गैरवापराचा सबळ संशय आला, तर विनावॉरंट अटक होऊ शकते. लपवलेलं शस्त्र, उडवाउडवीची उत्तरं, वर दारूचा वास. संशयाला अजून काय लागतं?

वकील_मडगाव

गाडीतल्या बाकीच्यांचा विचार कोणीच करत नाहीय. ताबा म्हणजे हातातच हवं असं नाही. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की जाणीव आणि नियंत्रण असेल तर तो ताबाच. तुम्ही ड्रायव्हरला "कप्प्यात वस्तू आहे, लक्ष ठेव" सांगून किल्ली देऊन गेलात, तर त्याच्याकडे विनालायसन्स शस्त्र सापडलं असा अर्थ निघू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षं, पाचपर्यंत. तुम्ही अट मोडलीत म्हणून तुम्हाला कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत किंवा दंड. मोठी शिक्षा पगारी माणसाला, याचा जरा विचार करा.

काजूवाली_सत्तरी

तुम्ही सगळे पिस्तूल, होल्स्टर बोलताय. आमच्याकडे ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासूनची, पीक राखायला. तिला कसला होल्स्टर?

गेल्या पावसाच्या आधी भाऊ ती दुरुस्तीला घेऊन जीपमधून चालला होता. लायसन्स बाबांच्या नावावर, बाबांचे गुडघे गेलेले, ते घरी. वाटेत अडवलं. भावाने खरं तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवला, गावभर बातमी की अमक्याचा मुलगा बंदुकीसह पकडला. बाबा रिक्षा करून गेले तेव्हा सोडला. खरं सांगून आम्हाला काय मिळालं ते निवृत्त फौजदारांनी सांगावं.

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते मी बोलते. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा. २०२४ ला मार्चच्या मध्यावर आचारसंहिता लागली, मतदान ७ मेला, निकाल ४ जूनला. आमचा काजूचा हंगाम नेमका तेवढाच. रानडुकरांनी खालची बाग उकरून काढली, माकडांनी कोवळी बोंडं टाकली, आणि आम्ही पत्र्याचे डबे वाजवत बसलो. तुमच्या ट्रॅफिकच्या प्रश्नापेक्षा हा प्रश्न शंभरपट मोठा आहे.

म्हादई_राखणदार

पीक राखायच्या नावाखाली काय चालतं ते सत्तरीत सगळ्यांना माहीत आहे. रात्री जीप, टपावर सर्चलाइट, सकाळी वाड्यावर मटणाचे वाटे. ती रानडुकरं हृदयविकाराने मेली का?

लायसन्स पीकरक्षणाचं असलं तरी जनावर मारायची परवानगी त्यात नाही. रानडुक्कर आता वन्यजीव कायद्याच्या अनुसूची २ मध्ये आहे. मारायचं तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाचा किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याचा लेखी आदेश लागतो. आणि कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरताच येत नाही. मोलेचा महामार्ग अभयारण्यातून जातो. बारा बोअर साहेब बेळगावला कुठल्या रस्त्याने गेले होते?

काजूवाली_सत्तरी

कोणाच्या वाड्यावर वाटे पडतात ते त्या वाड्याला विचारा. आमची बंदूक हवेत बार काढते. बाबांनी उभ्या जन्मात एक जनावर मारलेलं नाही. म्हादई अभयारण्य आमच्या बागेच्या कडेला १९९९ साली आलं, बाग आजोबांनी लावली. गवे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) शिरून पोफळी मोडतात तेव्हा राखणदार कुठे असतात? नुकसानभरपाईचा अर्ज करून बघा, पंचनाम्याला माणूस येईपर्यंत पुढचा हंगाम येतो. पणजीत बसून आम्हाला शिकारी म्हणणं सोपं आहे.

म्हादई_राखणदार

मी पणजीत नाही, केरीत राहतो. माझ्या काकांची बाग आहे आणि गव्यांनी तीही मोडलीय. तरी सांगतो, भीती घालायला बंदूक लागत नाही. रानात एक बार वाजला की तो हवेत होता की गव्यावर, हे वनरक्षकाला अंधारात कळत नाही.

काजूवाली_सत्तरी

काकांची बाग मोडली तरी तुमचं घर त्या बागेवर चालत नसेल. आमचं चालतं.

वकील_मडगाव

निवडणुकीत बंदुका जमा करण्याबद्दल एक गोष्ट, कारण गावोगाव हेच होतं. निवडणूक आयोगाच्या सूचनेप्रमाणे छाननी समितीने बघायचं असतं: जामिनावर असलेले, गुन्ह्याची पार्श्वभूमी असलेले, पूर्वी दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या काळात, सापडलेले. सरसकट सगळ्यांना फोन करून "आणून टाका" म्हणणं हे सोयीचं आहे, पण त्या सूचनांमागचा हेतू तो नाही. ताई, पुढच्या वेळी आचारसंहिता लागायच्या आधीच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, सोबत बागेचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा उतारा) आणि आधीचे नुकसानीचे पंचनामे. अर्जाची पोच घ्या.

खांडेपारकर

रानडुकरांवर वेगळा धागा काढा, मी येतो, कारण माझीही बाग आहे. इथला मुद्दा नाक्यावरचा आहे. बारा बोअर, तुमच्या दिवसाचं वाईट वाटलं. पण विचार करा, न सांगता डिकी तपासली असती आणि बंदूक त्यांनीच काढली असती, तर तासाभरात सुटला असता का?

बारा_बोअर

नसतो सुटलो. ठीक आहे, एवढं मान्य. आरसी आणि विमा मी आता सनशेडच्या खोळीत ठेवतो, म्हणजे कप्पा किंवा डिकी उघडायचा प्रश्नच येत नाही. ते कोणाच्या सल्ल्याने नाही, मला स्वतःला पटलं म्हणून. पण नुसतं गाडी चालवायचं लायसन्स आणि पीयूसी बघून सोडत असतील तर मी तोंड उघडणार नाही. गाडी तपासतो म्हणाले तर दार उघडायच्या आधी सांगेन. याच्या पुढे मी सरकणार नाही. आणि मोलेचं म्हणाल तर हो, त्याच रस्त्याने गेलो. महामार्गाने सरळ जाणारा प्रत्येक लायसन्सवाला कलम ३१ चा गुन्हेगार असेल तर सरकारने तिथे तसा फलक लावावा.

निवृत्त_फौजदार

गाडी तपासायच्या आधी सांगणार असाल तर निम्मं काम झालं. उरलेल्या निम्म्यावर माझं मत बदलणार नाही.

ताई, तुमच्या भावाबद्दल. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्येच सवलत आहे. दुरुस्तीसाठी किंवा लायसन्सच्या नूतनीकरणासाठी, लायसन्सधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी अधिकार दिला असेल, तर दुसऱ्याला बंदूक नेता येते. ठाण्यात हे कोणीतरी सांगायला हवं होतं, नाही सांगितलं ही आमच्या खात्याची उणीव आहे. पुढच्या वेळी बाबांच्या सहीचं पत्र द्या. त्यात लायसन्स क्रमांक, बंदुकीवरचा क्रमांक, भावाचं नाव आणि पत्ता, कुठल्या कारागिराकडे, कुठल्या तारखेला, आणि "दुरुस्तीसाठी नेण्यास मी अधिकार देतो" एवढं वाक्य. मूळ लायसन्स सोबत. बंदुकीची दारू आणि छरे घरी ठेवायचे, दुरुस्तीला त्यांची गरज नाही.

काजूवाली_सत्तरी

पत्र आजच लिहून ठेवते. बाबांचा हात थरथरतो, सही लायसन्सवरच्या सहीशी जुळत नाही. अंगठा चालेल का?

वकील_मडगाव

चालेल. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या आणि सही का जुळत नाही ते त्याच पत्रात एका ओळीत लिहा.