संशयास्पद कोडबद्दल कंपायलरने वॉर्निंग केव्हा द्यावी?

प्रश्न:
मी एका छोट्या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, लिहीत आहे. व्याकरणाच्या चुका पकडणे सोपे गेले. अडचण आहे ती नियमांत बसणाऱ्या, पण बहुधा चुकून लिहिल्या गेलेल्या कोडची, म्हणजे 'इफ'च्या अटीत तुलनेऐवजी असाइनमेंट करणे (मूल्य देणे) किंवा व्हेरिएबलला त्याचेच मूल्य पुन्हा देणे अशा गोष्टींची. सर्वत्र वॉर्निंग दिली तर खऱ्या चुका त्या गर्दीत हरवतील. मग कसोटी कोणती लावावी?

उत्तर १:
ज्याने तो कोड जाणूनबुजून लिहिला आहे, त्याला तसे सांगण्याची सोपी खूण उपलब्ध आहे का, हे मी आधी पाहीन. अटीतल्या असाइनमेंटवर जीसीसी आणि क्लँग हे सी भाषेचे कंपायलर वॉर्निंग देऊ शकतात, पण तीच असाइनमेंट आणखी एका कंसात घातली की गप्प बसतात. अर्थ बदलत नाही आणि पुढच्या वाचकाला हेतूही कळतो. रस्ट या भाषेत न वापरलेल्या व्हेरिएबलच्या नावाआधी अंडरस्कोर दिला की तेच काम होते. अशी खूण नसेल तर लोक वॉर्निंग घालवण्यासाठी निरर्थक कास्ट (मूल्याचा प्रकार बदलण्याची सूचना) टाकतात, आणि तो कास्ट पुढे एखादी खरी चूक झाकतो. (मी स्वतः हे केले आहे.)

उत्तर २:
खुणेचा मुद्दा मान्य आहे, परंतु माणसाने प्रत्यक्ष काय टंकले आहे याकडेही पाहावे. मॅक्रो (कंपाइल होण्याआधी ज्याच्या जागी ठरलेला कोड घातला जातो ते नाव) उलगडल्यावर नेहमीच खरी ठरणारी तुलना तयार होऊ शकते आणि त्यात कोणाचीच चूक नसते. याउलट, २०१४ मध्ये उघड झालेल्या ॲपलच्या टीएलएस (सुरक्षित इंटरनेट जोडणी) कोडमधील दोषात 'गोटू फेल', म्हणजे 'फेल' या ठिकाणी उडी मार, ही ओळ दोनदा आली होती. दुसरी ओळ 'इफ'च्या कक्षेबाहेर असूनही आत सरकवून लिहिलेली होती, आणि तिच्यामुळे समोरच्या सर्व्हरची डिजिटल सही तपासण्याचा टप्पाच वगळला जात होता. सीमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेला (इंडेंटेशनला) अर्थ नाही, पण लिहिणाऱ्याचा हेतू तिथेच दिसतो. जीसीसी ६ ने २०१६ मध्ये फसव्या इंडेंटेशनची वॉर्निंग 'वॉल' (-Wall) या वॉर्निंगांच्या नेहमीच्या गटात घेतली, ती मला म्हणूनच योग्य वाटते.

प्रश्नकर्ता:
मग गो या भाषेप्रमाणे, न वापरलेले स्थानिक व्हेरिएबल सरळ एररच ठरवावे का, म्हणजे कोड कंपाइलच होऊ देऊ नये का?

उत्तर १:
तो नियम गोच्या भाषेतच असल्याने निदान स्थिर तरी आहे, जरी डीबग करताना एक ओळ कॉमेंट केली की दुसरीही करावी लागते, हा त्रास उरतोच. पण व्हेरिएबलला मूल्य कदाचित दिलेच नसेल, असे सांगणारी जीसीसीची वॉर्निंग ऑप्टिमायझेशनच्या (कोड वेगवान करण्याच्या) पातळीनुसार येते किंवा जाते. अंदाजावर आधारलेल्या अशा वॉर्निंगा वेगळ्या पर्यायाखाली ठेवाव्यात आणि त्यांच्यावरून बिल्ड थांबवू नये.