पन्नाशी-साठीनंतर गटाबरोबर लांब पल्ल्याची सायकल: अनुभव लिहा

एकट्याने सायकल चालवण्याबद्दल खूप बोललं जातं. मला विचारायचंय ते गटाबद्दल. शंभर-दोनशे किलोमीटरचा पल्ला, वीस-पंचवीस जण, त्यातले निम्मे तिशीचे, आणि आपण साठीच्या अलीकडे-पलीकडे. शर्यत नाही, बक्षीस नाही, सगळे हौसेने आलेले. अशा वेळी वय नेमकं कुठे आडवं येतं? चढावर, वाऱ्यात, थांब्यांवर, की दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना? गटाने तुम्हाला सांभाळून घेतलं की नाही?

माझं वय ६२. वाद घालायला काहीतरी हवं म्हणून माझं मत आधी मांडतो. सपाटीवर वय फारसं कळत नाही. गट फुटतो तो पहिल्या मोठ्या चढावर. फुटणारच, त्यात वाईट काही नाही. पण फुटलेला गट पुढे कसा जुळतो, त्यावर वयस्क माणूस पुढच्या खेपेला येणार की नाही ते ठरतं. सल्ले नकोत, अनुभव लिहा. (सल्ले येणारच, हे ठाऊक आहे.)

वय ५८, पन्नाशीत सायकल शिकलेली

शेवटच्या मुद्द्याला माझा पूर्ण दुजोरा. थांब्यावर काय होतं ते सांगते. वेगवान मंडळी आधी पोचतात, वीस मिनिटं बसतात, पाय मोकळे करतात, फोटो काढतात. मी पोचते आणि हेल्मेटचा पट्टा सोडेपर्यंत कोणीतरी म्हणतं, "चला, ताई आल्या, निघू या!" ज्याला विश्रांती सगळ्यांत जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही, आणि दिवसभर प्रत्येक थांब्यावर हेच. संध्याकाळी माझे पाय गळून जातात ते अंतरामुळे नाही, या न मिळालेल्या वीस मिनिटांमुळे.

आमच्याकडे एकीने भांडून नियम करून घेतला: थांब्याचं घड्याळ सुरू होतं ते शेवटचा माणूस सायकल टेकवतो तेव्हा. पुढच्यांनी कुरकुर केली की अंग थंड पडतं. तक्रार खोटी नव्हती. मग ठरलं की ज्यांना थंड पडायचं नसेल त्यांनी उलटं खाली यावं आणि शेवटच्या माणसाबरोबर चढ पुन्हा चढावा. पोरांना ते इतकं आवडलं की आता कोण जास्त वेळा चढलं यावर त्यांच्या पैजा लागतात.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष लिहिणार नाहीत. वाटेत लघवीची सोय नाही म्हणून बायका पाणीच कमी पितात. वयाबरोबर तहानेची जाणीव तशीही बोथट होते, त्यात ही भर. आखणी करणाऱ्यांनी थांबे निवडताना आधी हे पाहावं, मग निसर्गसौंदर्य.

वय ६६, रक्तदाबाच्या गोळ्या चालू

मनगटावरच्या घड्याळाबद्दल लिहितो. '२२० वजा वय' हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्याने माझी कमाल हृदयगती १५४ येते. २००१ साली टनाका आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं दुसरं सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. त्याने येते साधारण १६२. आणि दोन्ही सूत्रं सरासरीची. तुमचं-माझं हृदय त्याहून दहा-बारा ठोके इकडेतिकडे असू शकतं. त्यातून मी बीटा ब्लॉकर घेतो. ही गोळी हृदयाची गती दाबूनच धरते, त्यामुळे आकडा कमी दिसतो आणि छाती मात्र भात्यासारखी चालत असते. गटातला एक उत्साही तरुण माझ्या घड्याळात डोकावून "काका, तुम्ही तर आरामात आहात" म्हणाला, तेव्हा उत्तर द्यायलाही श्वास उरला नव्हता.

माझ्या डॉक्टरांनी आकडा विसरून बोलण्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर ठीक. दोन-दोन शब्दांत बोलायला लागलो की गिअर हलका. गट असण्याचा हा फायदाच, एकट्याने कोणाशी बोलणार? छातीत जडपणा, चक्कर, अनियमित ठोके यांतलं काहीही जाणवलं तर मात्र गप्पा बंद आणि सायकलही बंद. तिथे गटाच्या वेगाची भीड धरायची नाही.

वय ७१

थोडक्यात लिहितो. सपाटीवर बरीचशी ताकद हवा कापण्यात जाते, आणि वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. पुढच्याच्या आडोशाला राहिलं की चौथा-तिसरा हिस्सा मेहनत वाचते. म्हणजे समोरून वारा असेल तर गट हेच म्हाताऱ्याचं औषध.

पण आडोसा मिळतो तो पुढच्या चाकाला खेटून राहिल्यावर, आणि माझं ब्रेक दाबणं आता पूर्वीसारखं चटकन होत नाही. शिवाय खेटून असलं की नजर समोरच्या चाकावर खिळते, खड्डा दिसतच नाही. मी एका सायकलची लांबी मोकळी ठेवतो. फायदा कमी मिळतो, तरी मिळतो. माझं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला बाजूने ओलांडू देत नाही, कारण तो जरा तिरका झाला की पडतो तो मागचाच. पुढे कोण आहे हेही बघून घेतो. खड्डा आला की हात दाखवणारा आणि ओरडणारा माणूस असेल तरच त्याच्या मागे जातो. गुपचूप खड्डा चुकवणारे बरेच असतात.

आघाडीची पाळी सगळ्यांना सारखी, हा हट्ट धरू नये. माझी पाळी दोन मिनिटांची. कोणी तोंड वाकडं केलं तर करू द्यावं.

वय ६०, ब्रेव्हेची (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्यांची) चटक लागलेला

धाग्याच्या विषयाला थोडा इतिहास जोडतो, कारण "गट एकत्र की ज्याची त्याची गती" हे भांडण फार जुनं आहे. फ्रान्समध्ये १९०४ साली ऑडॅक्स क्लब पॅरिसियन स्थापन झाला. तेव्हाच्या ऑडॅक्स पद्धतीत सगळ्यांनी कॅप्टनच्या मागे एकत्र चालायचं, ठरलेल्या वेगाने. आजही त्या पद्धतीत ताशी २२.५ किमीचा वेग असतो. कॅप्टनच्या पुढे जायचं नाही, थांबे सगळ्यांचे एकदम. १९२१ साली दोन तट पडले आणि क्लबने मुक्त गतीची पद्धत सुरू केली. आपण बीआरएम किंवा नुसतं ब्रेव्हे म्हणतो ती हीच. वेळेची मर्यादा पाळा, बाकी तुमची मर्जी. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७, ६०० ला ४०. पहिला आला कोण, हा प्रश्नच नाही, आणि वयोगटही नाहीत.

मला वाटायचं की मुक्त गती वयस्कांना सोपी. चालवून पाहिल्यावर मत बदललं. साडेतेरा तासांचा हिशेब करून पाहा. चालता वेग ताशी २० असेल तर २०० किमीला १० तास लागतात, हातात राहतात साडेतीन. ऐकायला भरपूर. पण दहा-दहा मिनिटांचे दहा थांबे घेतले की दीड तासाहून जास्त वेळ गेलाच. त्यात एक पंक्चर, एक मोठं जेवण, आणि शेवटच्या ५० किमीत चालता वेग १६ वर आलेला. मुक्त गतीत थांब्याचा वेळ ज्याचा त्याने राखायचा असतो. वेग वाढवणं माझ्या वयात महाग पडतं, पण थांब्यावरचा वेळ वाचवायला दमसास लागत नाही. त्यासाठी आम्ही चार समवयस्कांनी पोटगट केला आहे. उतरण्याआधीच ठरतं की कोण पाणी भरेल, कोण थांब्यावर पोचल्याचा शिक्का घेईल, कोण सायकली बघेल.

रात्रीचं वेगळं सांगायला हवं. चाळिशीनंतर जवळचं दिसत नाही, त्यामुळे हँडलवरच्या पडद्यावरचा नकाशा वाचता येत नाही. त्यावर मोठा नकाशा, मोठी अक्षरं किंवा खाली वाचायची काच असलेला सायकलचा चष्मा हा उपाय आहे. त्याहून मोठी अडचण अंधाराची. साठीत डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. तिशीच्या मुलाला ज्या दिव्यात खड्डा दिसतो त्याच दिव्यात मला सावली दिसते. मी दिवा दुप्पट ताकदीचा लावला आणि रात्रीच्या उतारावर गटाच्या मधोमध राहतो. पहाटे दोन ते पाचच्या दरम्यान झोप येणारच, तिच्याशी झगडण्यात अर्थ नाही. सुरक्षित जागा बघून वीस मिनिटं आडवं व्हायचं, एकाने जागं राहायचं.

वय ५५, फिजिओथेरपिस्ट, स्वतःही चालवते

माझ्याकडे येणाऱ्यांचंच लिहिते. करंगळी आणि अनामिका बधिर झाली म्हणून मानेचा एमआरआय काढून आलेले किती तरी जण असतात. मान कारणीभूत असू शकते, पण तासन्‌तास हँडलवर तळव्याची बाहेरची कड टेकलेली असेल तर तिथली नस दाबली जाते आणि हेच होतं. हातांच्या जागा बदलत राहा, हँडल थोडं वर घ्या, टायर रुंद लावा. ३२ मिमीच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते आणि रस्त्याचे बारीक हादरे हातांपर्यंत कमी पोचतात. गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. बदल पाच-पाच मिलिमीटरने करा, एकदम नाही. जड गिअरमध्ये जोर लावून चढण्याची मर्दुमकी सोडा. पुढे लहान आणि मागे मोठं चक्र बसवून घ्या, पाय भराभर फिरू द्या.

एक न आवडणारी गोष्ट. सायकलवर शरीराचं वजन हाडांवर पडत नाही, त्यामुळे नुसती सायकल चालवून हाडं मजबूत होत नाहीत. आठवड्यातून दोनदा वजनं उचला, जिने चढा. पडल्यावर हाड मोडणं आणि न मोडणं यात याने फरक पडू शकतो.

वय ६८, गुडघ्याचं प्रत्यारोपण झालेला

मी शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या परवानगीने ई-बाईक घेतली. गटातल्या काहींनी "आता तुम्ही सायकलस्वार राहिला नाहीत" असं हसत हसत म्हटलं, आणि ते हसणं मला कळलं. पेडल मारल्याशिवाय ही गाडी पुढे जात नाही. सपाटीवर मोटर बंद असते, चढावर पहिल्या पायरीची मदत घेतो. त्याशिवाय मी घरीच बसलो असतो. ब्रेव्हेत चालत नाही, मान्य. रविवारच्या गटात काय हरकत आहे?

वय ६३

हरकत आहे, पण तुमच्या मोटरला नाही. आमच्याकडे ई-बाईकवाले एक गृहस्थ चढावर सगळ्यांच्या पुढे निघून जातात आणि गट त्यांच्या मागे ओढला जातो. बिचाऱ्या साध्या सायकलीवाल्यांची दमछाक होते. शिवाय बॅटरी संपली की वीस-बावीस किलोचं धूड ढकलायला दोन माणसं लागतात. मी तरी मोटरशिवाय जमेल तेवढंच करीन. शंभर नाही जमले तर साठ.

फ्रान्सच्या रोबेर मार्शां यांनी २०१७ साली, वयाच्या १०५ व्या वर्षी, ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किमी कापले होते. वर लिहिलेल्या ऑडॅक्स कॅप्टनच्या मागे ते तासभर तरी आरामात राहिले असते! त्यांच्या सरावाचा अभ्यास झाला आहे. साधारण ८० टक्के सराव हलका, २० टक्के जोराचा. आमच्या गटात हे प्रमाण बरोबर उलटं आहे.

वय ३४, एका गटाची आखणी करणारा

पलीकडच्या बाजूचं लिहू का? तुम्हा काका-काकूंना वाटतं त्यापेक्षा आम्हाला वाट पाहण्याचा त्रास कमी होतो. त्रास होतो तो कोणी न सांगता मागे राहिला, फोन बंद, आणि आम्ही तीन वळणं उलटे शोधत गेलो की. "मी आज सावकाश येणार, साठ किमीवरून परत फिरणार" हे सकाळी सांगितलं की आखणी सोपी होते.

आम्ही सावकाश मंडळींना पाऊण तास आधी निघायला सांगतो. पहिल्या थांब्यावर सगळे जवळपास एकदम पोचतात आणि ५८ वर्षांच्या ताईंनी लिहिलेला विश्रांतीचा प्रश्न तिथे तरी सुटतो. प्रत्येकाच्या सीटखालच्या पिशवीत एक कागद असतो: नाव, घरचा नंबर, रक्तगट, चालू गोळ्या. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्याने ती ठळक लिहायची. असा माणूस पडून डोक्याला मार लागला तर तो "मी ठणठणीत आहे" म्हणत असला तरी आम्ही त्याला थेट दवाखान्यात नेतो, वाद घालत नाही. आणि पुरुषांसाठी: प्रोस्टेटची पीएसए ही रक्ततपासणी असेल तर आधीचे ४८ तास सायकल नको, आकडा वाढून येऊ शकतो. दोन काकांची झोप त्याने उडवली होती.

ई-बाईकवरून आमच्याकडेही भांडण झालं. मग आम्ही त्या काकांना स्वीप केलं. सगळ्यात शेवटी राहायचं, कोणालाही मागे टाकायचं नाही. पंप, जादा ट्यूब, प्रथमोपचाराची पेटी, दोन लिटर जास्तीचं पाणी, सगळं त्यांच्या कॅरिअरवर. वजनाचं त्यांना काही वाटत नाही, मोटर आहे. पुढे काही निरोप द्यायचा असेल तर तेच चढावर आमच्यापर्यंत येतात आणि पुन्हा मागे जातात. ६८ वर्षांच्या काकांना जागा हवी असेल तर आमच्याकडे दुसऱ्या स्वीपची गरज आहे.