सासूबाईंचे गोठ घेऊन न्यू जर्सीला जायचंय, विम्याचं काय करू?

धरमपेठची काकू

नमस्कार मंडळी. डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे, न्यू जर्सीत. मुलगी तिकडेच वाढलेली, पण तिच्या आईबाबांना सगळं आपल्या पद्धतीनं हवंय, सीमांतपूजनापासून सूनमुखापर्यंत. जाऊबाई तीन वर्षांपूर्वी गेल्या, त्यामुळे वरमाई म्हणून मीच उभी राहणार. सासूबाई (वय ८५, ऐकू कमी येतं पण नजर शाबूत) म्हणतात, "वरमाई मोकळ्या गळ्यानं उभी राहील का?"

तर न्यायचं आहे ते असं: सासूबाईंचे गोठ, वज्रटीक, माझा तन्मणी, मोहनमाळ, आणि नव्या सुनेला सूनमुखात घालायला दोन पाटल्या. यातल्या फक्त पाटल्यांचं बिल आहे. गोठ सासूबाईंच्या लग्नात १९५८ साली केले. त्यांची चिठ्ठी आहे, पण ती मोडी वळणाच्या अक्षरात, "गोठ जोड तोळे ४॥" एवढंच. त्या सराफाचं दुकानही आता नाही.

प्रवास विमा घेतला तेव्हा एजंट म्हणाला, "काकू, सगळं कव्हर आहे, निश्चिंत जा." मी निश्चिंत होणाऱ्यातली नाही. भिंग घेऊन बसले. सव्विसाव्या पानावर सापडलं की सामान हरवल्यास भरपाई मिळेल, पण दागिने, सोनं, रत्नं वगळून! मग कव्हर काय, माझी लुगडी?

दुसरी भीती परतताना. आमच्या ओळखीच्या एक बाई मुलीकडून आल्या तर कस्टम्सवाल्यांनी दोन तास बसवून ठेवलं, बांगड्यांचं बिल दाखवा म्हणून. ३० वर्षांपूर्वीच्या बांगड्या! आम्ही तीन आठवड्यांसाठी नागपूर-दोहा-न्यूयॉर्क असे जाणार आहोत. आमचे हे म्हणतात, सगळं लॉकरमध्येच राहू दे, साडीवर मोत्याची माळ घाल. ज्यांनी खरंच नेऊन परत आणलंय त्यांनी सांगा. ऐकीव नको.

---

बर्डीचा बंड्या

काकू, एक ग्रॅमवाले घालून घ्या ना बाप्पा! इतवारीत मस्त मिळून राह्यले. तिकडं कोण पाहून राह्यलं का गोठ खरा हाय का खोटा? माह्या मावशीनं तेच केलं, फोटोत तं खऱ्याहून खोटेच जास्त चमकले. अन् खरे न्यायचेच असतीन तं चेक-इन बॅगेत टाकू नका, हात जोडतो.

---

धरमपेठची काकू

बंड्याभाऊ, आयडिया वाईट नाही. पण सासूबाई गोठ हातात घेऊन नुसत्या वजनावरून ओळखतात. निघताना त्या स्वतः माझ्या हातात चढवणार आहेत.

---

निवृत्त सर्वेअर, प्रतापनगर

ताई, एजंटावर फार रागावू नका. त्यानं ते सव्विसावं पान उघडलेलंच नसणार. मी २८ वर्षं विम्याचे दावे तपासले, म्हणून थोडं विस्तारानं लिहितो.

प्रवास विमा हा मुळात दवाखान्याच्या खर्चासाठी. सामानाचं कलम त्यात शेपटीसारखं असतं, तेही चेक-इन बॅगेपुरतं. विमान कंपनीकडूनही आशा ठेवू नका. विमान प्रवासाच्या आंतरराष्ट्रीय माँट्रियल करारानुसार एका प्रवाशाच्या सामानामागे कमाल भरपाई २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे दोन हजार डॉलरच्या आसपास. तुमचा एक गोठसुद्धा त्यात बसत नाही. शिवाय दागिने चेक-इन सामानात टाकू नका, हे त्यांच्या अटींत आधीच लिहिलेलं असतं.

तुम्हाला जे हवं ते घराच्या विम्यात मिळतं. हाउसहोल्डर पॉलिसीत दागिन्यांचा स्वतंत्र विभाग असतो, त्याला 'ऑल रिस्क' म्हणतात. घराबाहेर झालेली चोरी, लूट, अपघातानं हरवणं हे त्यात येऊ शकतं. मात्र हद्दीचं कलम वाचा. बहुतेक वेळा तिथे 'भारतात' असं छापलेलं असतं. जगभरासाठी हवं असेल तर जादा हप्ता भरून तशी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद, करून घ्यावी लागते. सगळ्या कंपन्या देत नाहीत, दोन-चार ठिकाणी विचारा. "हो हो, होऊन जाईल" याला काही अर्थ नाही, निघण्याआधी कागद हातात हवा.

कुणी 'भारत गृह रक्षा' सुचवेल. १ एप्रिल २०२१ पासूनची ही प्रमाणित पॉलिसी चांगली आहे. मौल्यवान वस्तूंचं ऐच्छिक कलम तीत आहे, आणि एकूण ५ लाखांपर्यंत, एकेक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचा दाखलाही मागत नाहीत. पण ती आग, पूर, भूकंप यासाठी. लग्नाच्या हॉलमधून तन्मणी गेला तर तिचा उपयोग नाही.

आता दावे कशावर अडतात ते. माझ्याकडे एक प्रकरण आलं होतं. बाई लग्नाहून परतत होत्या, वाटेत रसवंतीवर सगळे उतरले, दागिन्यांची पर्स सीटवर. दहा मिनिटं. काच फोडून पर्स गेली. पॉलिसी होती, हप्ते भरलेले होते, पोलिसांत तक्रारही झाली होती. पण 'कुणी नसलेल्या वाहनातून झालेली चोरी' हे वगळलेलं होतं. दावा नामंजूर करावा असा अहवाल मीच लिहिला. बाई माझ्यासमोर रडल्या नाहीत, फक्त "दहाच मिनिटं हो" असं तीनदा म्हणाल्या.

दुसरं कलम जोडीचं. कुडीतली एक हरवली तर पूर्ण जोडीचे पैसे मिळत नाहीत, एकाच नगाचे मिळतात. तिसरं, कमी रकमेचा विमा. सोनं आता तोळ्याला लाखाच्या वर गेलंय आणि लोकांच्या पॉलिसीत दहा वर्षांपूर्वीचा भाव. दागिना १० लाखांचा आणि विमा ५ लाखांचा असेल, आणि पॉलिसीत अ‍ॅव्हरेजचं कलम असेल, तर २ लाखांच्या नुकसानीला १ लाखच हातात येतो. लोकांना वाटतं कंपनीनं लुबाडलं. गणित त्यांच्याच सहीचं असतं.

तुमच्या ह्यांना सांगा, लॉकर म्हणजे विमा नव्हे. चोरी, आग किंवा बँकेच्या माणसाची अफरातफर झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार (१ जानेवारी २०२२ पासून) बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या १०० पटीपर्यंतच. भाडं ४,००० असेल तर ४ लाख. आत काय आहे हे बँकेला माहीतच नसतं.

---

इतवारीतला

काकू, आमची तिसरी पिढी सराफा ओळीत, म्हणून चिठ्ठीबद्दल सांगतो. १९५८ चा तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम. आज आम्ही १० ग्रॅमला तोळा म्हणतो. तुमचे साडेचार तोळे म्हणजे ५२ ग्रॅमच्या वर झाले, ४५ नव्हे. विम्याच्या कागदावर कुणी ४५ लिहिलं आणि काट्यावर ५२ भरले, तर हाच तो गोठ का, असा प्रश्न उद्या कुणीही काढेल. चिठ्ठी जपून ठेवा, पण आकडा आजच्या काट्याचा घ्या.

बिल नाही म्हणून घाबरू नका. सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून दाखला करून घ्या. त्यात नगाचं वर्णन, एकूण वजन, निव्वळ सोन्याचं वजन, शुद्धता आणि फोटो असं सगळं यायला हवं. वज्रटीकेत दोन वजनं वेगवेगळी येतील. मणी लाखेवरचे असतील तर काट्यावर लाखही चढते, दोरा आणि कापडी पट्टीही. तन्मण्यात तर सोनं थोडंच, किंमत मोत्यांची आणि खोडाची, म्हणजे मधल्या पदकाची.

पाटल्या नव्या आहेत ना? मग त्यावर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षरी-अंकी क्रमांक असेल. बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकून पाहा आणि त्याचा स्क्रीनशॉट बिलासोबत ठेवा.

---

जर्सीतली वऱ्हाडकरीण

काकू, मी एडिसनजवळ राहते, माहेर रामदासपेठ. दर दोन वर्षांनी सोनं घालून येते-जाते, त्यामुळे कस्टम्सचं माझ्याकडून ऐका.

लोक तुम्हाला सांगतील, "बाईला ४० ग्रॅम चालतं." ती सवलत वर्षभराहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्यांना आहे (पुरुषांना २० ग्रॅम). म्हणजे मला. तुम्ही तीन आठवड्यांत परत येणार, तुमचा रस्ता वेगळा. भारतातून निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. हे दागिने इथूनच गेले, याचा तो पुरावा. परतताना तो दाखवला की ड्यूटीचा प्रश्न येत नाही. तुमच्या ओळखीच्या बाईंकडे नेमका तोच कागद नसणार.

आता यातली मेख. तुम्ही नागपूरहून थेट दोह्याला जाताय, म्हणजे कस्टम्सही नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरच. मुंबईमार्गे जाणाऱ्यांना मुंबईला करावं लागतं. नेहमीपेक्षा तास-दीड तास आधी पोचा. दागिने हातातल्या पर्समध्ये ठेवा, अधिकारी नग पाहून दाखल्याशी ताडतात. मूल्यांकनाचा दाखला, फोटोंच्या दोन प्रती, पासपोर्ट, तिकीट. आधी एखाद्या दिवशी जाऊन तिथल्या कार्यालयात विचारून आलात तर उत्तम. माझ्या आईनं तसं केलं आणि तिचं काम लवकर उरकलं. मीच एकदा आळस केला होता.

अमेरिकेत उतरताना अंगावरचे, परत न्यायचे दागिने ही तुमची वैयक्तिक वस्तू. पण पाटल्यांचं तसं नाही! त्या इथेच राहणार. पाहुण्यांना भेटवस्तूंची सूट १०० डॉलरची आहे. त्यावरचं जाहीर करायचं, जी ड्यूटी होईल ती भरायची. "अंगावर घालून आणा, कोण विचारतं" असं सांगणारे खूप भेटतील. लपवलेलं सापडलं तर जप्ती आणि दंड, वर व्हिसाला डाग. आणि त्या पाटल्या परत येणाऱ्या दागिन्यांच्या यादीत मुळीच घालू नका.

विमानात दागिने ट्रॉलीत ठेवू नका, खांद्याच्या पर्समध्ये ठेवा. वर जागा उरली नाही की कर्मचारी दारातच ट्रॉली काढून खालच्या डब्यात टाकतात, आणि त्या घाईत कुणाला दागिने आठवत नाहीत. सुरक्षा तपासणीत सुटे दागिने ट्रेमध्ये ठेवू नका, पाऊच पर्सच्या आत असू द्या. अंगावरच्यांवरून अडवलं तर बाजूच्या खोलीत तपासा म्हणायचा तुम्हाला हक्क आहे.

हॉटेलची तिजोरी बरी, पण चोरी झाली तर हॉटेलची जबाबदारी बहुतेक राज्यांत कायद्यानंच थोडक्या रकमेपुरती बांधलेली आहे. यजमानांच्या घरच्या विम्यावरही विसंबू नका. माझ्या पॉलिसीत दागिन्यांच्या चोरीला १,५०० डॉलरची मर्यादा आहे, त्यावर हवं तर एकेक नग वेगळा नोंदवावा लागतो. आणि भारतीयांच्या घरात सोनं असतं, हे इथल्या चोरांनाही चांगलं ठाऊक आहे. लग्न होईपर्यंत दागिन्यांचे फोटो ग्रुपवर टाकू नका. मेहंदीच्या दिवशी तर बायका हात सुकवत बसतात आणि सगळ्यांच्या पर्स एका पलंगावर ढीग घालून पडलेल्या असतात. पाहिलंय म्हणून सांगते.

---

बर्डीचा बंड्या

एवढी झंझट! काकू, एक ग्रॅमचं अजून एकदा विचारून पाहा बाप्पा.

---

धरमपेठची काकू

बंड्याभाऊ, चूप.

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांत बरंच झालं, म्हणून कळवते.

गोठ काट्यावर ५१.८ भरले. इतवारीतल्या भाऊंचं खरं निघालं, उरलेलं साठ-पासष्ट वर्षांत सासूबाईंच्या मनगटावर झिजलं असणार. त्यांना आकडा ओरडून सांगितला तर म्हणाल्या, "मेला सराफ प्रामाणिक होता म्हणायचा." दाखला झाला, फोटो झाले.

विम्यासाठी तीन कंपन्यांत विचारलं. दोघांनी परदेशाचं नाव काढताच मान हलवली. तिसऱ्यांनी तयारी दाखवली, पण प्रत्येक नगाची यादी आणि दाखला हवाच म्हणाले. हप्ता ऐकून हे दोन मिनिटं गप्प बसले. मग आम्ही यादीच छोटी केली. गोठ आणि वज्रटीक जाणार. तन्मणी आणि मोहनमाळ लॉकरमध्ये. सर्वेअर काका, ती रसवंतीची गोष्ट मी ह्यांना मुद्दाम वाचून दाखवली. आता ते म्हणतात, पर्स त्यांच्याच खांद्याला राहील. बायकांची पर्स, खांद्याला!

पाटल्यांचा निकाल सासूबाईंनीच लावला. सूनमुखाला तिकडेच साखर आणि आरसा, आणि ओक ट्री रोडवरच्या (तिकडच्या भारतीय दुकानांचा रस्ता) सराफाकडून तिथल्या बिलानं घेतलेली छोटी अंगठी. पाटल्या ती पहिल्यांदा नागपूरला येईल तेव्हा, देवासमोर. "ती येईपर्यंत मी आहे," असंही म्हणाल्या. त्यावर कुणी काही बोललं नाही.

सोनेगावला जाऊन विचारून आलो. अधिकारी सभ्य होते, कागद बरोबर आहेत म्हणाले.

आता एकच शंका. वज्रटीकेचा दोरा मागून कुजलाय. गाठवून घ्यायला हवी, पण दाखला तर झालाय. जशी आहे तशी नेऊ का?

---

इतवारीतला

नका नेऊ काकू, हॉलमध्ये मणी विखुरले तर कोणत्याच पॉलिसीत बसणार नाही. आधी पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या. पट्टी आणि दोरा बदलला की एकूण वजन थोडं इकडेतिकडे होईल, म्हणून तिचा दाखला आणि फोटो पुन्हा करावे लागतील, गोठांचे नाही. विम्यावाल्यांनाही नवा दाखला द्या. आणि पटवेकऱ्यासमोर बसूनच करून घ्या, मणी मोजून द्या, मोजून घ्या.

---

धरमपेठची काकू

८४ मणी. आत्ताच मोजले, सासूबाईंनी दोनदा.