अनुभव धागा : चढ-उताराच्या उद्यानातली माझी धावण्याची वाट

आडवाट (धागाकर्ती)

नकाशावर माझी रोजची फेरी ६ किलोमीटरची. सपाट रस्त्यावर एवढ्या अंतराला मला ३५ मिनिटं लागतात, उद्यानात ५०. पहिला महिनाभर वाटायचं घड्याळ बिघडलंय, मग वाटलं मीच बिघडलेय. शेवटी एका फेरीतला चढ मोजला. एकूण २४० मीटर निघाला आणि घड्याळाची नि माझी, दोघांचीही निर्दोष सुटका झाली.

म्हणून हा धागा. झाडीच्या, टेकड्यांच्या, खाचखळग्यांच्या उद्यानात जे धावतात किंवा नुसते दुडक्या चालीने जातात, त्यांनी आपापली वाट सांगा. "रोज ८ किलोमीटर" एवढ्यावर भागवू नका. चढ किती, पायाखाली काय, कुठे दम तुटतो, कुठे आपटलात, आणि तरी तीच वाट का धरून ठेवलीत, ते हवंय. वेगाच्या बढाया सपाटीवाल्यांसाठी ठेवूया.

दमगीर

घड्याळाच्या बाजूने माझीही साक्ष. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली डोंगरात चालणाऱ्यांसाठी एक ढोबळ हिशेब मांडला होता : दर ३ मैलांना एक तास, आणि दर २००० फूट चढाईला आणखी एक तास. त्यावरून १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवरचे साधारण ८०० मीटर. हिशेब चालण्याचा आहे, पण नवी वाट निवडताना मी तोच लावतो. तुमचे २४० मीटर म्हणजे जवळजवळ २ किलोमीटरची भर. ६ चे ८ धरले की ५० मिनिटांत काहीच वावगं नाही. वरची तीन-चार मिनिटं मुळं आणि दगड खातात.

माझी वाट सोंडेवरून थेट वर जाते, मग धारेवरून दीडेक किलोमीटर वारा खात, आणि उतरायला मागच्या अंगाचा रुंद वनरस्ता. चढ तीव्र, उतार सौम्य. उलट्या दिशेने फिरलो की संध्याकाळी गुडघे जाब विचारतात.

घसारा

उतार म्हणजे फुकटचा माल, अशी माझी समजूत होती. पहिल्याच दिवशी ९ किलोमीटरची मोठी फेरी घेतली. शेवटचे अडीच किलोमीटर सलग उतरण, वाट मुरमाड. हात पसरून, पोरासारखा सुटलो. खाली आलो तेव्हा धापसुद्धा लागली नव्हती. दुसऱ्या दिवशी अंग जरा आखडलं होतं. तिसऱ्या दिवशी मी जिना उलटा उतरत होतो, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी. खालून येणाऱ्याने विचारलं, "पडलात का?" म्हटलं, नाही, धावलो.

मग जरा वाचलं. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडून जोर लावतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असताना ब्रेक लावत असतो, दर पावलाला. हे काम श्वासाला स्वस्त आणि तंतूंना महाग. मिनेट्टी नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २००२ साली वेगवेगळ्या चढ-उतारांवर धावण्याचा खर्च मोजून मांडला होता : सगळ्यात कमी ऊर्जा लागते ती साधारण २० टक्के उतारावर, म्हणजे १०० मीटर पुढे जाताना २० मीटर खाली. त्याहून तीव्र उतार झाला की खर्च पुन्हा वाढायला लागतो. माझी उतरण बरीचशी त्याच स्वस्ताईच्या पट्ट्यात होती, आणि म्हणूनच फसलो. छाती म्हणत होती, चाललंय छान. मांड्यांचं बिल दोन दिवसांनी आलं.

दिलासा असा की स्नायू शिकतात. तीन आठवड्यांनी तीच उतरण घेतली, पण निम्मीच. दुखणं नावापुरतं. एकदा बेताचा मार खाल्लेला स्नायू पुढचे काही आठवडे तसाच मार बऱ्यापैकी सोसतो. आता पावलं आखूड आणि भरभर टाकतो, नजर पायांवर नाही तर चार-पाच पावलं पुढे. मागे रेलणं सोडलं. रेललं की टाच आधी टेकते, आणि मुरुमावर टाच टेकली की पुढचं पाऊल आपल्या हातात राहत नाही.

टाचेवर

चढावर चालणं हा माझ्यासाठी वर्षभर अपमानाचा विषय होता. समोरून कोणी आलं की मी लगेच धावल्यासारखं करायचे. मग एकदा एक किडकिडीत आजोबा, हात गुडघ्यांवर टेकून, ढांगा टाकत माझ्याच शेजारून वर गेले. ते चालत होते आणि मी "धावत" होते. तेव्हापासून अगदी खड्या चढावर बिनदिक्कत चालते. वर पोचल्यावर पायांत धावायला काहीतरी शिल्लक राहतं.

दमगीर

ते आजोबा आमच्याकडेही असतात. प्रत्येक टेकडीला एक नेमून दिलेला असावा.

डावी बाजू

माझी वाट टेकडीच्या पोटातून आडवी जाते. चढ जवळजवळ नाहीच, म्हणून खूश होतो. वर्षभर एकाच दिशेने धावलो आणि फक्त डाव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागली. शूज बदलले, फरक नाही. मग एका जाणत्या मैत्रिणीने वाटेवर उभं केलं आणि म्हणाली, खाली बघ. वाट दरीच्या बाजूला कललेली, त्यामुळे माझा एक पाय कायम खालच्या अंगाला. त्या दिवसापासून एक दिवस सुलट, एक दिवस उलट. महिन्या-दीड महिन्यात गुडघा गप्प झाला. (ज्यांचा होणार नाही त्यांनी डॉक्टर गाठावा, माझ्या वाक्यावर विसंबू नये.)

फावडं-घमेलं

मी धावतो कमी, वाटा दुरुस्त जास्त करतो. महिन्यातून दोनदा आमची टोळी जाते. तेव्हा थोडा राग काढतो, चालवून घ्या.

नागमोडी वाट कोणीतरी उगाच लांबण लावायला काढलेली नसते. वळणं देऊन उतार सौम्य ठेवला की पावसाचं पाणी वेग धरत नाही. तुम्ही दोन वळणांमधून सरळ खाली उतरता, आठ-दहा सेकंद वाचवता. तुमच्या मागून पन्नास जण उतरतात, गवत जातं, आणि पहिल्या जोरदार पावसात त्या रेघेचा ओहोळ होतो. मग तो खालच्या वळणाचा भराव घेऊन जातो. आम्ही एका जागी तीन वेळा दगड रचले आणि फांद्या आडव्या टाकल्या. तीनही वेळा कोणीतरी फांद्या उचलून बाजूला ठेवल्या, अगदी नीटनेटक्या!

चिखलाचंही तसंच. डबक्याला वळसा घालून काठाने गेलं की वाट दर पावसाळ्यात फूटभर रुंद होते. मधून जा. शूज वाळतात. आणि चिखल घोट्यापर्यंत असेल तर त्या दिवशी दुसरी वाट धरा, ही बिचारी ओली असताना सगळ्यात जास्त झिजते.

आडवाट

कबुली : त्या आठ-दहा सेकंदांची चोरी मीही केली आहे. यापुढे नाही.

शिट्टी

ज्यांना टेकडीवर घड्याळाचा जाच होतो त्यांच्यासाठी. स्वीडनमध्ये प्रशिक्षक गोस्टा होल्मेर यांनी १९३० च्या दशकात फार्टलेक नावाची सरावाची पद्धत आणली, शब्दाचा अर्थ वेगाचा खेळ. इथे स्टॉपवॉच नाही, वाटच ठरवते : त्या वाकड्या झाडापर्यंत जोरात, मग श्वास बसेपर्यंत हळू, मग खडकापर्यंत पुन्हा. उद्यानाइतकी यासाठी सोयीची जागा नाही.

आणि चढाला नावं ठेवणाऱ्यांनी न्यूझीलंडचे धावण्याचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड आठवावेत. त्यांच्या शिष्यांची रविवारची धाव म्हणजे वाइटाकेरे डोंगररांगेतली वाइअटारुआची साधारण २२ मैलांची फेरी, चढ-उतारांची. त्यांतला पीटर स्नेल १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये जिंकला ती शर्यत होती ८०० मीटरची. दोन मिनिटांच्या आत संपणाऱ्या शर्यतीसाठी २२ मैल डोंगर! त्याच दिवशी मरे हालबर्गने ५००० मीटरचंही सुवर्ण घेतलं. मी आठवड्यातून एकदा २०० मीटरचा एक चढ सहा वेळा चढते, खाली चालत येते. सुवर्ण अजून लांब आहे.

तळ्याकाठी

वय ६१. तळ्याभोवतीची फेरी, १,४०० मीटर, त्यात एकच चढ, कसाबसा १२ मीटरांचा. तुम्हा मंडळींना तो दिसणारही नाही. मला पहिल्या वर्षी तो चालत पार करावा लागला, दुसऱ्या वर्षी अर्धा धावून, आणि गेल्या महिन्यापासून पूर्ण. तीन फेऱ्या करतो. मागून येणाऱ्यांना एक विनंती, चार-पाच पावलं आधी "डावीकडून येतोय" एवढं म्हणा. कानाशी एकदम धाप ऐकू आली की माणूस नेमका चुकीच्या बाजूला सरकतो.

मागे वळून

वाट चुकल्याचा अनुभव कोणीच लिहिला नाही, मी लिहिते. रोजचीच धार, पण त्या दिवशी दाट धुकं. तिसऱ्या फाट्यावर उजवीकडे वळायचं तिथे दुसऱ्याच फाट्यावर वळले. झाडांखाली घड्याळाचं जीपीएस भलतंच अंतर दाखवत होतं, त्यामुळे चूक उशिरा कळली. ओहोळाचा आवाज येत होता. वाटलं पाण्याच्या बाजूने उतरत गेलं की खालच्या रस्त्याला लागू. दहा मिनिटं उतरले आणि ओहोळाने पुढे सरळ उडी मारली. घळीच्या तोंडाशी कडा होता, उंची धुक्यात कळेना. तिथून परत फाट्यापर्यंत चढून यायला अर्धा तास लागला, बराचसा हातापायांवर.

धुक्याला दोष नाही. ती वाट मी कायम एकाच दिशेने धावले होते, उलट्या बाजूने तो फाटा मला ओळखूच येईना. आता नव्या वाटेवर प्रत्येक फाट्याशी क्षणभर थांबते आणि मागे वळून बघते.

आडवाट

आज वळून बघितलं. मी दोन वर्षं ज्या दुबेळक्याच्या झाडाला वळणाची खूण समजत होते, तशी तिथे तीन आहेत.