मदत हवी आहे: पोस्टरचा काळा छापल्यावर राखाडी येतोय, परवा ज्युरी (कामाचं परीक्षण)

कागदरेघ: टायपोग्राफीचं पोस्टर. काळी पार्श्वभूमी, मध्ये फोटो, खाली पांढरा मजकूर. स्क्रीनवर सगळं एकजीव. छापल्यावर पार्श्वभूमी राखाडी आणि फोटोभोवती स्पष्ट चौकोन. फोटोच्या कडाही काळ्याच आहेत! दोनदा छापलं. लवकर सांगा.

कटमार्क: फाइल कशात केलीय? काळ्याचे आकडे काय? कागद कोणता, छपाई डिजिटल की ऑफसेट?

शाईदौत: आधी मॉनिटर कॅलिब्रेट करा. त्याशिवाय रंगाबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

कटमार्क: शाईदौत, इथे तो मुद्दा नाही. एकाच स्क्रीनवर सारखे दिसणारे दोन काळे कागदावर वेगळे येतात, म्हणजे आकडेच वेगळे आहेत.

कागदरेघ: इलस्ट्रेटर. पार्श्वभूमी के १००, म्हणजे फक्त काळी शाई, पूर्ण. फोटो फोटोशॉपमध्ये आरजीबीचा (स्क्रीनचे रंग) सीएमवायके (छपाईच्या चार शाया) केला. डिजिटल, मॅट कागद.

कटमार्क: तिथेच घोळ आहे. आरजीबीतला पूर्ण काळा सीएमवायकेत गेला की चारही शाया घेतो; स्वॉप कोटेड या छपाईच्या रंग-प्रोफाइलमध्ये साधारण ७५/६८/६७/९० (सायन, मजेंटा, पिवळी, काळी शाई, टक्क्यांत). तुमची पार्श्वभूमी एकाच शाईची. इलस्ट्रेटर मूळ सेटिंगमध्ये के १०० सुद्धा स्क्रीनवर गडद काळाच दाखवतो. प्रेफरन्सेसमधल्या ‘अपिअरन्स ऑफ ब्लॅक’मध्ये ऑन स्क्रीनला ‘डिस्प्ले ऑल ब्लॅक्स अ‍ॅक्युरेटली’ निवडा, चौकोन तिथेच दिसेल. मग फोटोशॉपच्या इन्फो पॅनेलवर फोटोच्या कडेचे आकडे वाचा आणि तेच पार्श्वभूमीला द्या. कडेला ग्रेन (दाणेदारपणा) किंवा उजेड असेल तर ते जुळणार नाहीत. तेव्हा काळी पार्श्वभूमी फोटोशॉपमध्येच वाढवून फोटो मास्कने त्यात विरवा.

रेघोटी: एवढं कशाला? पार्श्वभूमी ६०/४०/४०/१०० करा, झालं.

कटमार्क: काळा दाट येईल, पण फोटोचा काळा वेगळाच राहील, म्हणजे चौकोनही राहील. आणि रजिस्ट्रेशनचा स्वॉच (छपाईच्या खुणांसाठीचा रंग) चुकूनही वापरू नका, तो ४०० टक्के शाई टाकतो.

काना_मात्रा: मजकुराकडे कोणी बघणार का? चार शायांच्या काळ्यात पांढरी अक्षरं सोडली की एखादा रंग केसभर सरकला तरी शिरोरेषेला रंगीत कड येते, अनुस्वार आणि रफार बुजतात. किती पॉइंट, वजन कोणतं?

कागदरेघ: ९, लाइट. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) ४०.

काना_मात्रा: ट्रॅकिंग शून्य करा, देवनागरीत त्याने शिरोरेषा तुटते. १२ पॉइंट मीडियम घ्या, लीडिंग (ओळींमधलं अंतर) १८, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतील.

पानोपानी: ज्युरीला प्रोसेस बुकही न्या. पहिली थंबनेल्स (छोटी कच्ची रेखाटनं), नाकारलेले लेआउट, ग्रिड, सगळं ठेवा.

कागदरेघ: सेटिंग बदललं, चौकोन दिसला! आता आकडे बदलून पूर्ण ए२ पुन्हा छापू का?

कटमार्क: नको. फोटोची एक कड आणि मजकुराच्या चार ओळी येतील असा ए४ तुकडा मूळ आकारातच, त्याच कागदावर, त्याच मशीनवर काढा. तो नीट आला की मग ए२.